आतड्याच्या आजाराचं 'जीन सापडलं' म्हणून गोळ्या बंद करू नका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: लंडनच्या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या आजाराचं मूळ जीन (जनुक) शोधून काढलं. ९५ टक्के पेशंटमध्ये ते सापडतं, म्हणजे हा रोग घराण्यातूनच येतो. आता आतड्यात दुर्बीण (कोलोनोस्कोपी) टाकायची गरज नाही, रक्ताच्या एका तपासणीत कळतं. सोयरिक जमवताना सिकलसेल या रक्ताच्या आजारासारखं हेही पाहून घ्या. आणि सध्याच्या गोळ्या मुळावर काम करत नाहीत. मुळावरची गोळी येते आहे, तोवर त्या खाऊन शरीराला त्रास देऊ नका.

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसची गोळी दर महिन्याला नेणारे माझ्याकडे मोजकेच लोक आहेत, त्यामुळे एखादा आला नाही की लगेच लक्षात येतं. त्यातले एक काका गोळ्या न घेताच उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, रोग तं रक्तातच हाय म्हन्ते, मंग ह्या गोया खाऊन काय फायदा?" प्रश्न अगदी सरळ आहे, आणि मेसेजमधली एकेक गोष्ट तपासल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

मेसेज ज्याला नुसतं 'आतड्याचा रोग' म्हणतो, तो म्हणजे आयबीडी, इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज. त्यात मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं. क्रोन्स पचनमार्गात कुठेही होऊ शकतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. गॅस, अपचन, पोट साफ न होणं हा वेगळा विषय आहे.

मेसेजमधलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यानं माणसाचा जीव जाऊ शकतो.

'सध्याच्या गोळ्या मुळावर काम करत नाहीत, बंद करा.' मेसालामाइनसारखी गोळी आतड्याची सूज दाबून ठेवते. त्रास थांबल्यावरही ती चालू ठेवायची असते, कारण सूज पुन्हा उसळू नये हेच तिचं काम. वर्षानुवर्षं सूज राहिली तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ज्यांना प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, काही आठवडे चालू आहे त्यांनी ते एकदम थांबवलं तर आणखी वाईट. बाहेरून औषध मिळतंय म्हणून शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. अचानक गोळी बंद झाली की उलट्या, गळून जाणं, बीपी खाली येणं, आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर मृत्यूही. डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात तो याचसाठी.

आणि ती 'येणारी गोळी'? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या मेसेज ज्याचा हवाला देतो ते जेम्स ली यांच्या गटाचं काम जून २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. कॅन्सरसाठी आधीपासून वापरात असलेली एमईके इन्हिबिटर नावाची औषधं पेशंटच्या आतड्याच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत वापरल्यावर सूज कमी झालेली त्यांना दिसली. आशा वाटावी अशीच ही गोष्ट आहे. पण ही औषधं शरीरातल्या इतर अवयवांवरही परिणाम करतात, म्हणून ती नेमक्या पेशींपर्यंतच कशी पोचवायची यावर संशोधकांना अजून काम करायचं आहे. त्यानंतर माणसांवरच्या चाचण्या. नवं औषध येईल या आशेवर आजची गोळी सोडा, असं त्या शास्त्रज्ञांनी कुठेही म्हटलेलं नाही.

आता 'मूळ जीन सापडलं' हे. सापडलं काय, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मेसेजनं त्या कामाचा जीवच काढून टाकला आहे.

आयबीडीचं एकच जीन नाही. पहिलं मोठं यश २००१ मध्ये मिळालं. फ्रान्सचा एक गट आणि अमेरिकेतला एक गट एकाच वेळी सोळाव्या गुणसूत्रावरच्या एनओडी२ या जीनपर्यंत पोचले. क्रोन्सशी त्याचा संबंध पक्का झाला. पुढे हजारो पेशंट आणि हजारो निरोगी माणसं यांचे डीएनए ताडून पाहायची पद्धत आली. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७५ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा आजाराशी संबंध असलेल्या डीएनएवरच्या १६३ जागा मोजल्या गेल्या. आज त्या दोनशेच्या वर आहेत. एकेका जागेचा वाटा बहुतेक वेळा अगदी बारीक असतो.

ली यांनी त्यातली एकविसाव्या गुणसूत्रावरची एक जागा निवडली. तिचा आजाराशी संबंध आहे हे आधीच माहीत होतं, पण तिथे जीनच नाही. शास्त्रज्ञ अशा पट्ट्याला जीनचं वाळवंट म्हणतात. मग तिथला डीएनएच्या एका अक्षराचा फरक करतो काय? विहिरीवरची मोटर आठवा. मोटर पाण्यात असते, स्टार्टर धुऱ्यावरच्या पेटीत. हा फरक स्टार्टरमधला आहे. तो दूरच्या ईटीएस२ या जीनला जास्त जोरानं चालू करतो. ईटीएस२ हे मॅक्रोफेज नावाच्या पेशींमधलं महत्त्वाचं जीन. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या, आपलं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. शांत मॅक्रोफेजमध्ये ईटीएस२ वाढवलं की त्या आयबीडीच्या आतड्यात दिसतात तशा चवताळतात, आणि ईटीएस२ अडवलं की निवतात. वर्षानुवर्षं नकाशावर नुसता एक ठिपका म्हणून पडलेली जागा नेमकं काय करते, हे या गटानं दाखवलं. मला हे काम फार मोठं वाटतं, म्हणूनच त्याचा असा चुराडा झालेला पाहून राग येतो.

'९५ टक्के पेशंटमध्ये सापडतं.' हा आकडा बातम्यांमध्ये होता, तो खोटा नाही. मेसेजनं त्याच्या शेजारची गोष्ट वगळली. हा फरक इतका सर्रास आहे की ज्या युरोपीय वंशाच्या लोकांवर मुख्यतः हा अभ्यास झाला, त्यांच्यातल्या बहुसंख्य निरोगी माणसांतही तो असतो. तो किमान पाच लाख वर्षांपूर्वीचा असावा असा अंदाज आहे, निअँडरथल माणसांतही तो होता. जंतूंशी लढायला तो उपयोगी पडला असावा, म्हणूनच इतका काळ टिकला. जी गोष्ट आजारी माणसातही आहे आणि शेजारच्या धडधाकट माणसातही, तिच्यावरून कोण आजारी आहे हे कसं ओळखणार? रक्त काढून हे अक्षर तपासलं तर 'आहे' असंच उत्तर बहुतेकांना मिळेल. त्या उत्तरासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

शिवाय युरोपातल्या यादीचा प्रत्येक आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. एनओडी२ मधले युरोपात नेहमी आढळणारे तीन बदल भारतीय पेशंटमध्ये क्वचित दिसतात. म्हणूनच दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. थेल्मा, लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतीय पेशंटचा वेगळा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या नव्या जागा त्यातून पुढे आल्या.

'दुर्बिणीची गरज नाही' याबद्दल दुकानदार म्हणून मला जास्त बोलायचं आहे. आमच्या भागात संडासवाटे रक्त पडलं की ते मूळव्याधच, असं धरून चालतात. रस्त्याच्या कडेला शर्तिया इलाजाच्या पाट्या आहेत. लोक मलम नेतात, चूर्ण नेतात, लाजेनं घरात सांगत नाहीत. बायका तर अंगातलं रक्त पार उतरेपर्यंत गप्प राहतात. मूळव्याध असतेच, पण कित्येक आठवडे पातळ संडास, आव आणि रक्त, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर दुर्बिणीनं आतून पाहणं आणि तुकडा तपासायला पाठवणं याला पर्याय नाही. वारंवार ऑपरेशन करूनही भगंदर परत परत होत असेल तर त्यामागे क्रोन्स असू शकतो.

आणि टीबी. पोटाचा टीबी आणि क्रोन्स, दोघांचीही आवडती जागा एकच: लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्याची सुरुवात. पोटदुखी, ताप, वजन उतरणं, आतडं अडणं, सगळं सारखं. तुकड्याचा रिपोर्ट पाहूनही अनुभवी डॉक्टर अडतात. कधी आधी टीबीची औषधं देऊन फरक पडतो का ते पाहावं लागतं. इथे चूक महागात पडते. क्रोन्स समजून टीबीच्या पेशंटला स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्सवरचं इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन सुरू करण्याआधी अंगात टीबी लपलेला नाही ना, हे पाहतात तेही यामुळेच. वर सांगितलेलं ते एक अक्षर या दोघांत निवड करून देत नाही.

राहिली सोयरीक. विदर्भात हे वाक्य चटकन पटतं, कारण सिकलसेल आपण घरात पाहिला आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियापासून आमच्यापर्यंत सिकलसेल तपासणीची लाल-पिवळी कार्डं लोकांना माहीत आहेत. तिथे तपासणीला अर्थ आहे. हिमोग्लोबिनच्या एकाच जीनमध्ये एकच बदल असतो. आई-बाप दोघेही वाहक (बदल अंगात, पण आजार नाही) असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारात एक. हिशेब स्पष्ट आहे.

आयबीडीत असा हिशेब मांडताच येत नाही. स्वीडनमध्ये एकसारख्या जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला, १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशा जुळ्यांचे जीन तेच असतात. एकाला क्रोन्स असलेल्या १८ जोड्यांपैकी ८ जोड्यांतच दुसऱ्यालाही तो होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १६ जोड्यांपैकी फक्त एका जोडीत. जीन तेच असूनही दुसरा भाऊ निरोगी राहत असेल तर 'घराण्याचा रोग' म्हणून मुलीचं लग्न मोडायला कुठला आधार आहे? घरात आजार असेल तर इतरांना धोका थोडा वाढतो हे खरं, पण आई-बापांपैकी एकाला असला तरी बहुतेक मुलं निरोगीच राहतात. दुसरी गोष्ट इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातली. दक्षिण आशियातून तिथे गेलेल्या लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त निघालं.  एका पिढीत जीन बदलत नाहीत, म्हणून देश बदलल्यावर प्रमाण बदललं तर त्याचं कारण जीनबाहेरही शोधावं लागतं. आहार, आतड्यातले जंतू, लहानपणीची अँटिबायोटिक्स, राहणीमान यांकडे शास्त्रज्ञ पाहत आहेत ते त्यामुळे. क्रोन्समध्ये बिडी-सिगारेटनं आजार बिघडतो, एवढं तर पक्कं आहे.

या आजारात जीनची एक तपासणी मात्र आपल्या लोकांच्या खरोखर कामाची आहे, आणि मेसेजमध्ये तिचं नावही नाही. सूज आवरत नसेल तर अझाथायोप्रिन देतात. गोळी स्वस्त आहे, आमच्याकडे सहज मिळते. पण एनयूडीटी१५ या जीनमध्ये ठरावीक बदल असलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी या गोळीनं धोकादायक पातळीपर्यंत खाली येतात, केसही झपाट्यानं गळतात. २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटवरच्या अभ्यासात हे समोर आलं. युरोपात हा बदल कमी आढळतो, आशियात आणि भारतातही बराच जास्त. अझाथायोप्रिन लिहून दिली असेल तर ही तपासणी आपल्याला करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तपासणी होवो न होवो, गोळी सुरू झाल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत सांगितलेल्या तारखांना सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) चुकवू नका. ताप आला, तोंड आलं, घसा दुखला किंवा केस पुंजक्यानं गळू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.