चर्च विकले जाते, तेव्हा त्याच्या दाराचे काय होते?

एखादे जुने चर्च बंद होऊन तिथे दुकान किंवा सदनिका झाल्याची बातमी आली की सगळा वाद पावित्र्याभोवती फिरतो. वस्तीतले कोणीही, कोणत्याही दुःखात, परवानगी न विचारता ज्या दारातून आत जाऊन बाकावर बसू शकत होते, ते दार यापुढे कोणासाठी उघडे राहणार, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो.

चर्च बंद होण्याची कारणे अगदी व्यावहारिक असतात. उपासक कमी होतात, धर्मगुरू मिळत नाहीत, शेजारचे धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चचे भाविक-समूह, एकत्र केले जातात आणि गळक्या छताचा खर्च मोजक्या वृद्ध भाविकांच्या दानातून भागेनासा होतो. कॅथलिक कायदेसंहितेच्या १२२२ व्या कलमानुसार अशी वास्तू लौकिक वापरासाठी मोकळी करण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या प्रमुखांना, म्हणजे बिशपांना आहे. तो वापर हीन नसावा, अशी मर्यादा आहे. म्हणजे धर्मालाही पुनर्वापर मुळात अमान्य नाही.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहरातले डोमिनिकन चर्च १२९४ सालचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथली उपासना थांबली, पुढे गोदामापासून सायकली ठेवण्यापर्यंत त्याचे नाना उपयोग झाले आणि २००६ मध्ये तिथे पुस्तकांचे दुकान सुरू झाले. जुन्या भिंतींना धक्का न लावता पोलादी मांडणी स्वतंत्र उभी केल्यामुळे छतावरची जुनी चित्रे आता जवळून पाहता येतात. २०१४ मध्ये ते चालवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते वाचवले. लोक आपल्या खिशातून पैसे काढतात ते जिथे त्यांचे जाणे-येणे असते अशाच जागेसाठी, असे मला वाटते.

लंडनच्या ब्रिक लेनवरील वास्तू याहून बोलकी आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी ती बांधली, नंतर ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती मशीद आहे. वस्तीत नवे स्थलांतरित येत राहिले आणि प्रत्येक वेळी त्यांना त्याच दाराने आत घेतले.

सदनिकांचा पर्याय मला म्हणूनच खुपतो. मधल्या उंच दालनात मजले घातले जातात, रंगीत काचेची एकच खिडकी दोन घरांत विभागली जाते आणि दाराला कुलूप लागते. अर्थात पाडण्यापेक्षा तेही बरे, कारण जर्मनीतील इमेराथचे सेंट लाम्बेर्टुस चर्च जानेवारी २०१८ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी पाडले, तेव्हा तिथे आठवणीला टेकायला भिंतसुद्धा उरली नाही.

म्हणून चर्च विकणाऱ्या धर्मप्रांतांनी वस्तीला निर्णयाआधी विश्वासात घ्यावे, आणि वास्तूचा एक तरी भाग वाचनालयासाठी, पाळणाघरासाठी किंवा नुसते शांत बसण्यासाठी सर्वांना खुला राहील, ही अट विक्रीच्या करारातच लिहून घ्यावी. विक्री झाल्यावर अशी अट घालण्याचा अधिकार धर्मप्रांताकडे उरत नाही.