माईकमधली चिप झोपलेलीच हवी

नमस्कार ओएम (हॅम मित्रा),

हॅम रेडिओच्या सेटला जोडायच्या, आत छोटी चिप असलेल्या बटणांच्या हँडमाईकवर मी लिहिलेलं तुम्ही इतकं बारकाईनं वाचलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. शंभर वॉटचा सेट बोलताना वीस अँपिअर ओढतो, तिथं माईकमधले पाच मिलिअँपिअर वाचवून काय मिळवलं? फ्रिक्वेन्सी वर-खाली करणाऱ्या अप-डाऊनच्या दोन बटणांना मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी चिप) कशाला? आणि माईकच्या नाजूक सिग्नलला खेटून डिजिटल चिप बसवायचीच का?

बॅटरीचा तुमचा हिशोब बरोबर आहे. छोटा सेट नुसता ऐकायलाही काहीशे मिलिअँपिअर खातो, त्यात माईकचे पाच कुठं जाणवणार? पण करंट कमी ठेवायचा तो बॅटरीसाठी नव्हे. तुमच्या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर पहिल्यातच आहे: घड्याळ, म्हणजे चिपला चालवणारे आतले ठोके, थांबलेली चिप जवळपास करंट खात नाही आणि रेडिओत गोंगाटही करत नाही.

माईकमधली चिप, एटीटायनी 85, कारखान्यातून येते तेव्हा तिचं घड्याळ 1 मेगाहर्ट्झवर चालतं. घड्याळाच्या प्रत्येक पटीवर रेडिओत शिट्टी ऐकू येऊ शकते. पटी मोजा: 7, 14, 21, 28. आपले एचएफचे (लघुलहरींचे) चार हॅम बँड बरोबर तिथंच सुरू होतात. वेग 8 मेगाहर्ट्झ केला तर अठरावी पट थेट 144 वर, म्हणजे 2 मीटरच्या हॅम बँडच्या तोंडावर. त्यात घड्याळाचे ठोके देणारा आतला ऑसिलेटर क्रिस्टलचा नाही. तो दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतो आणि तापमानाबरोबर सरकतो. म्हणजे शिट्टी एका जागी राहतही नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या गजबजाटात एसएमपीएसच्या (चार्जर-अडॅप्टरमधल्या स्विचिंग सप्लायच्या) खरखरीत ती ऐकूच येणार नाही, पण पन्हाळ्यावर बँड शांत असतो, तिथं एखादं क्षीण स्टेशन नेमकं तिच्याखाली दबतं. ते मला चालत नाही. स्लीपमध्ये घड्याळच बंद. बटण दाबलं की पिनवरचा बदल ओळखणाऱ्या पिन-चेंज इंटरप्टनं चिप उठते, काम उरकते, पुन्हा झोपते.

पुरवठ्याचंही आहे. आयकॉम कंपनीच्या सेटच्या आठ पिनी माईक सॉकेटवर दोन नंबरच्या पिनला 8 व्होल्ट मिळतात, पण 10 मिलिअँपिअरपर्यंतच. त्यातून 5 व्होल्ट काढायला सगळे हाताशी असतो म्हणून 7805 हा रेग्युलेटर लावतात. तो एकटाच काहीही काम न करता चार-पाच मिलिअँपिअर घेतो! वर एक एलईडी पेटवला की कोटा संपत आला. एचटी7550 हा रेग्युलेटर लावा, त्याचं काही मायक्रोअँपिअरवर भागतं.

दोन बटणांबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. अप थेट ग्राउंडला, डाऊन 470 ओहममधून. आयकॉमला एवढं पुरतं. मला चार बटणं हवी होती आणि तोच माईक दुसऱ्या कंपनीच्या सेटलाही चालवायचा होता, म्हणून चिप आली.

चारही बटणं एका वायरवर घेतली आहेत. वायरला 5 व्होल्टकडं ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर 47 किलोओहमचा. बटणांपासून ग्राउंडला अनुक्रमे 0, 3.3, 8.2 आणि 15 किलोओहम. चिपमधल्या एडीसीवर (व्होल्टेजचा 0 ते 1023 मधला आकडा देणारा भाग) सुमारे 0, 67, 152, 248 असे आकडे येतात, त्यावरून कुठलं बटण ते कळतं. कुठलंही बटण दाबलं तरी व्होल्टेज पुरवठ्याच्या तीस टक्क्यांखाली जातं, म्हणून तीच पिन चिपला उठवूही शकते. दाबलेलं नसताना या वायरीतून करंट वाहतच नाही. झोपवण्याआधी एडीसी बंद करायला विसरू नका, नाहीतर स्लीपमध्येही शेकडो मायक्रोअँपिअर जात राहतात. बटणं धातूच्या डोमची घ्या. रबराखाली कार्बन असलेल्या जुन्या बटणांचा रेझिस्टन्स वाढत जातो आणि आपल्याकडच्या जुलैतल्या दमटपणात एक दाबलं की दुसरंच लागतं.

पीटीटीबद्दल (बोलताना दाबायच्या बटणाबद्दल) तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो: ती वायर चिपमधून जाऊच द्यायची नाही. ट्रान्समिट करताना आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) माईकच्या वायरीत शिरतं. त्यानं चिप अडकली तर कॅरिअर, म्हणजे सेटचं प्रसारण, चालूच राहील. पीटीटीचा स्विच थेट ग्राउंडला, माईकच्या कॅप्सूलवर 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर, बटणांच्या वायरीला आरएफ अडवणारं फेराइट.

तुमच्याकडं चिप असलेला एखादा माईक असेल तर शांत जागी 40 मीटर (7 मेगाहर्ट्झचा बँड) ऐका, मग माईक सॉकेटमधून काढून पुन्हा ऐका. शिट्टी गेली की नाही, ते इथंच खाली लिहा.

73 (शुभेच्छा)