पीएचपीची 'इफ' नेमकी कोणती अट तपासते?

पीएचपी या वेबसाइट बनवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेत 'इफ'ने अट लिहिणे म्हणजे रोज नव्याने फसणे आहे, आणि हे सौम्य शब्दांत सांगण्याची इच्छा आता माझ्यात उरलेली नाही. "अमुक असेल तर तमुक कर" असे लिहिले, तर आधी अमुक आहे की नाही ते पाहावे, एवढीच अपेक्षा भाषेकडून असते. ही भाषा आधी समोरच्या किमतीचा, म्हणजे तपासायच्या मूल्याचा, प्रकार (आकडा, अक्षरे की खरे-खोटे) आपल्या मर्जीने बदलते, बदललेल्या किमतीवर निकाल देते आणि वर मूग गिळून बसते.

मालाच्या नोंदीचा साधा फॉर्म घ्या. एखादी वस्तू संपली म्हणून दुकानदार शिल्लक नगांच्या रकान्यात प्रामाणिकपणे शून्य भरतो, तर 'एम्प्टी' हे फंक्शन रकाना रिकामाच असल्याचे सांगते आणि पडद्यावर लाल अक्षरांत "कृपया संख्या भरा" असे झळकते. तो बिचारा पुन्हा शून्य भरतो आणि पुन्हा तोच संदेश येतो. शून्य दशांश शून्य असे लिहिले, तर मात्र तीच किंमत बिनतक्रार स्वीकारली जाते. 'फॉल्स' (खोटे) हा शब्द स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून आला, तर तोही या भाषेच्या लेखी खराच असतो.

पत्त्यात "पुणे" आहे का, हे 'स्ट्रपॉस' वापरून थेट 'इफ'मध्ये तपासणारा जुना कोड आजही जागोजागी सापडतो. हे फंक्शन शब्द कोठे सापडला ते स्थान परत देते आणि मोजणी शून्यापासून करते. त्यामुळे "सदाशिव पेठ, पुणे" लिहिणारा ग्राहक यादीत येतो आणि "पुणे, सदाशिव पेठ" लिहिणारा गायब होतो, कारण त्याचा शब्द शून्याव्या स्थानी सापडला आणि शून्य म्हणजे खोटे. "आहे की नाही" एवढे सरळ उत्तर देणारे 'स्ट्र कंटेन्स' हे फंक्शन या भाषेत २०२० साली आले. भाषा १९९५ पासून लोकांच्या हातात आहे!

आता पैशांकडे या. बाकी उणे शंभरच्या खाली गेली तर ग्राहकाला तगादा पाठवावा, अशी अट आहे आणि नव्या ग्राहकाची बाकी अजून नोंदलेलीच नसल्याने डेटाबेसमधून 'नल' (किंमतच नसल्याची खूण) आले आहे. 'नल' समोर दिसताच पीएचपी दोन्ही बाजूंना खऱ्या-खोट्यात बदलते: 'नल' खोटे, उणे शंभर खरे, आणि खोटे हे खऱ्यापेक्षा लहान. झाले, ज्याने अजून काही खरेदीच केली नाही त्याला थकबाकीची नोटीस जाते, आणि त्याचा संतप्त फोन भाषा बनवणाऱ्यांकडे जात नाही, तो माझ्याकडे येतो.

या सगळ्यावर अवाक्षर न काढणारी ही भाषा कोठे ओरडते, तर पानाच्या साच्याच्या फाइलमध्ये अपूर्णविराम वापरून 'इफ' लिहिताना पुढची पर्यायी अट सांगणाऱ्या 'एल्सइफ'च्या मध्ये एक जागा सोडली तर. तेवढ्यासाठी संपूर्ण पान बंद पाडण्याची तिची तयारी असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

यावर जाणत्यांचा ठरलेला उपदेश असतो: दोन किमती समान आहेत का हे पाहताना दोनऐवजी तीन बरोबर चिन्हे वापरा, प्रकारही तपासला जाईल. नव्या कोडमध्ये मी तेच करतो. परंतु सात जणांच्या हातून गेलेल्या जुन्या कोडमध्ये हा बदल सरसकट करून दाखवा. फॉर्ममधून आलेला पाच हा आकडा नसून स्ट्रिंग असतो, म्हणून तिहेरी चिन्हाला तो आकडी पाचाच्या बरोबरीचा वाटत नाही आणि कालपर्यंत चालणारी अट आज खोटी ठरते. म्हणजे प्रत्येक अटीपाशी थांबून ही किंमत फॉर्ममधून आली, डेटाबेसमधून आली की कोडमध्येच जन्मली, याचा माग काढत बसायचे.

पीएचपी ८ मध्ये थोडी सुधारणा झाली, हे मान्य. तोवर आकडी शून्य आणि अक्षरांची कोणतीही स्ट्रिंग दुहेरी चिन्हाला समान वाटत असे. आता वाटत नाही. परंतु त्यामुळे त्या चुकीच्या समानतेवर नकळत उभ्या असलेल्या जुन्या अटींचे निकालही चुपचाप उलटले. शिवाय शून्य, मग 'ई' आणि पुढे केवळ अंक असे दिसणारे दोन वेगवेगळे एमडी५ हॅश (मजकुरापासून काढलेले सांकेतिक ठसे) दुहेरी चिन्हाला आजही समानच वाटतात, कारण 'ई' म्हणजे दहाचा घात असे धरून दोन्हींचे मूल्य शून्य काढले जाते; पासवर्ड तपासणाऱ्या अटीत याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. अनेक पर्यायांतून निवड करणारा 'स्विच' अजूनही प्रकार न पाहणारी सैल तुलनाच करतो आणि यादीत किंमत आहे का ते पाहणाऱ्या 'इन ॲरे'ला काटेकोर व्हायचे असेल, तर तिसऱ्या जागी 'ट्रू' असे मुद्दाम लिहून द्यावे लागते. न घोषित केलेल्या व्हेरिएबलबद्दल इशारा देणाऱ्या या भाषेला "मी आत्ता तुमच्या किमतीचा प्रकार बदलून अट तपासली" एवढी एक ओळ लॉगमध्ये लिहायला काय होते?