'कोर्स नको, पगार वाढवा': या कमेंटला जरा सविस्तर उत्तर

तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून दोन ओळीत उरकण्याऐवजी लांबलचक लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेतली फाउंडेशन्स (दानासाठी पैसा बाजूला काढून उभ्या केलेल्या संस्था) कमी पगारवाल्या कामगारांसाठी ग्रँट, म्हणजे अनुदान, देतात ती नुसती टॅक्स वाचवायची सोय आहे, ट्रेनिंगने कुणाचं भलं होत नाही, पगार वाढवा की विषय संपला, आणि मी मागच्या पोस्टमध्ये फाउंडेशनच्या गुळगुळीत रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे चिकटवले.

शेवटच्या आरोपापासून सुरू करतो कारण तो खराच आहे. 'इतक्या लोकांना ट्रेनिंग दिलं' हा आकडा मी यश म्हणून दाखवला, पण त्यातून फक्त पैसे कुठे गेले तेवढंच कळतं. वर्गात बसलेली डोकी मोजणं वेगळं आणि त्यांच्या हातात पडणारा पगार मोजणं वेगळं, त्यातही कोर्स न करता तो किती वाढला असता हे माहीत नसेल तर तुलना कशाशी करणार? चुकलं माझं.

टॅक्सबद्दलही फार भांडत नाही. खाजगी फाउंडेशनला तिथे वर्षाला मालमत्तेच्या साधारण ५ टक्केच वाटावे लागतात, त्यात ऑफिसचा वाजवी खर्चही धरतात, आणि तो पैसा डोनर अ‍ॅडव्हाइज्ड फंडात (दानाचा पैसा ठेवायचं खातं, तो कुणाला द्यायचा ते देणारा नंतर सुचवतो) टाकला तरी वाटला असंच समजतात, मग तिथून तो कामगारापर्यंत कधी पोचणार याला काही मुदतच नाही. सूट आज, दान सवडीने.

पण 'ट्रेनिंगने काही होत नाही' हे सरसकट विधान मात्र नाही पटत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १९९० साली लीव्हाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या कंपनीचा कारखाना बंद झाला, हजारावर लोकांची नोकरी गेली. तिथल्या चर्चच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कॉप्स आणि मेट्रो अलायन्स या संघटनांनी मग १९९२ मध्ये प्रोजेक्ट क्वेस्ट हा ट्रेनिंगचा कार्यक्रम सुरू केला, पैसा काही सरकारी, काही फाउंडेशन्सचा. यांनी आधी कोर्स काढून मग नोकऱ्या शोधल्या नाहीत, आधी मालकांना विचारलं की माणसं कुठे कमी पडतायत, आणि त्या कामाचं शिक्षण दिलं, जास्त करून हॉस्पिटलमधलं. फी, पोरांना सांभाळायची सोय, दर आठवड्याला कुणीतरी बसून विचारपूस करणारं, हे सगळं बरोबर. (माणूस कोर्स सोडतो तो अभ्यास जमत नाही म्हणून कमी, गाडी बंद पडली, पोर आजारी पडलं म्हणून जास्त.) पुढे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एकाला हा कोर्स आणि दुसऱ्याला नाही, अशी त्याची तपासणी झाली, तर गंमत अशी की सुरुवातीला कोर्सवाल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा कमीच होती, साहजिक आहे, शिकत होते ना! फरक नंतर वाढत गेला आणि नवव्या वर्षी तो वर्षाला ५,००० डॉलरच्या वर होता. आता बारा महिन्यांत रिझल्ट दाखवा म्हणणारा ग्रँटवाला असता तर त्याने हे पहिल्याच वर्षी फेल म्हणून बंद केलं असतं. माझा राग या घाईवर आहे, तुमचा ट्रेनिंगवर आहे.

आता पगार. अमेरिकेत देशभरासाठीचं (फेडरल) किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकलंय, म्हणजे वर्षभर आठवड्याला ४० तास राबलं तरी १५,०८० डॉलर. एक जण नर्स झाला तरी त्याची जुनी जागा भरायला दुसरा येणारच आणि त्यालाही तेवढेच मिळणार, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण पगारासाठी भांडणाऱ्यांनाही ऑफिसचं भाडं द्यावं लागतंच की. खाजगी फाउंडेशनला कायद्यासाठी लॉबिंग (लोकप्रतिनिधींचं मन वळवणं) करा म्हणून ठरवून पैसे देता येत नाहीत, पण संस्थेला मोकळी ग्रँट दिली, कुठे वापरायची ते तिच्यावर सोडलं, तर ती संस्था तिच्या मर्यादेत ते काम करू शकते. म्हणून मला ग्रँटची रक्कम बघण्यापेक्षा तिला किती दोऱ्या बांधल्यात ते बघावंसं वाटतं, अमुक इतके वर्ग, अमुक इतकी सर्टिफिकेटं असं लिहिलेलं असेल तर ती संस्था पगाराचा विषय काढणारच नाही.

आणि कायद्याची वाट न बघताही पगार हलतो. फ्लोरिडात इमोकलीच्या टोमॅटो तोडणाऱ्या मजुरांनी मोठ्या खरेदीदारांकडून पौंडामागे एक सेंट जादा कबूल करून घेतला, टॅको बेल ही फास्ट फूडवाली कंपनी २००५ ला तयार झाली ती चार वर्षांच्या बहिष्कारानंतर, वॉलमार्ट २०१४ ला आली. लढले मजूर, श्रेय त्यांचंच, पण शेतावर जाऊन हिशोब तपासणारी, तक्रारी ऐकणारी यंत्रणा चालवायला ग्रँटचाही पैसा लागला.

मागच्या पोस्टमधला तो आकडा आज काढतोय. ती ग्रँट मोकळी होती की दोऱ्या बांधलेली, ते रिपोर्टमध्ये कुठेच सापडलं नाही, विचारून मेल केलाय, उत्तर आलं की इथेच टाकतो.