केनिया की टांझानिया? मुलांसाठी कुठलं बरं?

टांझानियातलं दार-एस-सलाम सोडून केनियात नैरोबीला आलो तेव्हापासून आपली माणसं हमखास विचारतात, मुलांसाठी कुठलं बरं गं? त्यांच्या डोळ्यासमोर इंटरनॅशनल स्कूल असतं, आणि खिशात पैसे असले की ते दोन्हीकडे छानच आहे. मला बोलायचंय ते तिथल्या साध्या घरातल्या मुलांबद्दल. माझं मत सरळ आहे, मूल लहान असेल तर टांझानिया, आणि मुलगी तेरा-चौदाची झाली की केनिया.

टांझानियात सरकारी प्रायमरी शाळा बहुतेक सगळ्या स्वाहिलीत. पोरं हातात खराटा घेऊन शाळेत जातात, कारण आवार त्यांनीच झाडायचं असतं. सकाळी स्टॉपवर घोळका उभा असतो आणि डालाडालावाला, म्हणजे तिथला मिनीबसवाला, थांबतच नाही, विद्यार्थ्यांचं भाडं कमी म्हणून त्याला ती नको असतात. शाळेत छडीही आहेच, 1979 च्या नियमांनी तिला परवानगी आहे, आणि हे मला अजिबात मान्य नाही. पण वर्गात ही पोरं बोलतात, बिनधास्त प्रश्न विचारतात, कारण भाषा घरची, गल्लीतली आहे.

आणि मग प्रायमरीची शेवटची परीक्षा स्वाहिलीत देऊन पोरगं फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला जातं आणि स्वाहिलीसारखा एखाददुसरा विषय सोडला तर सगळं एकदम इंग्रजीत! आपल्याकडे सेमी-इंग्लिशला निदान गणित-विज्ञानावर भागतं, तिथे भूगोलसुद्धा. आमच्याकडे कामाला यायच्या त्या बाईंची मुलगी आमच्या ओट्यावर बसून बायोलॉजीच्या नोट्स घोकायची, फोटोसिंथेसिसची व्याख्या एका दमात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी म्हटलं, आता हेच स्वाहिलीत सांग, झाड नक्की काय करतं? ती गप्प. हुशार मुलगी होती हो, प्रायमरीत कायम पुढे असायची, आणि फॉर्म टूपर्यंत स्वतःला ढ समजायला लागली. याचा मला आजही राग येतो.

मुलींचं तर विचारूच नका. 2017 मध्ये टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनी जाहीर सांगितलं की गरोदर राहिलेल्या मुलीला पुन्हा शाळेत घेणार नाही. मुलगाही जबाबदार असतो ना, मग शिक्षा एकटीला का? नोव्हेंबर 2021 मध्ये, सामिया सुलुहू राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, ती बंदी उठली, पण मधल्या वर्षांत ज्या घरी बसल्या त्यांची ती वर्षं कोण परत देणार? केनियात अशा मुलींनी परत शाळेत यावं हे धोरण 1994 पासून आहे, लग्नाचं वय 2014 च्या कायद्याने सरसकट 18, आणि 2017 पासून शाळेत मोफत सॅनिटरी पॅड देणं ही कायद्याने सरकारची जबाबदारी. अंमलबजावणीत भोकं आहेत, मान्य, पण कायदा मुलीच्या बाजूने उभा आहे ही मोठी गोष्ट आहे.

नैरोबीतली मला मनापासून आवडलेली अजून एक गोष्ट म्हणजे दुपारचं जेवण. 2023 पासून नैरोबी काउंटीतल्या (तिथला जिल्हाच म्हणा) सरकारी प्रायमरी शाळांमध्ये मुलं मनगटावरचा बँड मशीनला टेकवतात आणि 5 शिलिंगमध्ये गरम जेवण मिळतं. पैसे पालक मोबाईलवरून भरतात.

पण केनियाचं बोर्डिंगचं वेड मला पटत नाही म्हणजे नाही. अगदी लहान पोरं होस्टेलला, कारण काय तर अभ्यास होतो, मार्क पडतात. आठवीची ती केसीपीई परीक्षा 2023 ला शेवटची झाली, नवीन अभ्यासक्रम आला, तरी पालकांच्या डोक्यातली शर्यत काही गेली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये न्येरीजवळच्या प्रायमरी शाळेच्या डॉर्मिटरीला आग लागून 21 मुलं गेली. त्याआधी 2001 मध्ये क्यांगुलीच्या सेकंडरी शाळेत अशाच आगीत 67. इथल्या ओळखीच्या आयांशी मी यावर वाद घालते. त्या म्हणतात, आम्ही पहाटे निघतो, रात्री येतो, मुलाला कोणाच्या भरवशावर ठेवू? खरंय त्यांचं. म्हणूनच मला वाटतं, बोर्डिंगवर जाणारा पैसा जवळच्या डे-स्कूलमध्ये घाला, संध्याकाळपर्यंत मुलं तिथेच थांबतील अशी सोय करा, तेच जेवण तिथे द्या. आणि टांझानियाने फॉर्म फोरपर्यंत तरी स्वाहिलीत शिकवावं, इंग्रजी विषय म्हणून नीट शिकवा ना, कोण नाही म्हणतंय.