पंच कधी खेळलेच नाहीत म्हणे!

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या पंचांवर चिडलेल्या चाहत्यांचा एक आवडता दावा आहे. हे पंच म्हणजे वकील, मास्तर, विमेवाले. टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं, काय असतं ते यांच्या अंगाला ठाऊक नाही. चुकून कुणी खेळलेला निघालाच, तर तो जुन्या संघाच्या मिठाला जागतो. पुरावा म्हणून पिट्सबर्ग-ओकलंड सामन्यातला १९७२ चा ‘इमॅक्युलेट रिसेप्शन’ हा गाजलेला झेल: म्हणे रेफरीने (मुख्य पंचाने) फोनवर आधी ‘पोलीस किती आहेत?’ विचारलं, मग टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेल्याचे गुण) दिला.

वकील? कबूल. एड्रियन बर्क वकील होतेच. पण ते फिलाडेल्फिया ईगल्सचे क्वार्टरबॅकही, म्हणजे पास फेकणारे खेळाडूही होते. १७ ऑक्टोबर १९५४ ला त्यांनी वॉशिंग्टनविरुद्ध एका सामन्यात ७ टचडाउन पास फेकले. या विक्रमाशी बरोबरी झाली, तो मोडला मात्र कुणी नाही. १९६९ मध्ये मिनेसोटाच्या जो कॅपने सातवा पास फेकला तेव्हा मैदानात पंचाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात कोण होतं? बर्कच.

आता १९७२. पिट्सबर्ग ओकलंडविरुद्ध ६-७ पिछाडीवर, २२ सेकंद उरलेले. पिट्सबर्गच्या ब्रॅडशॉचा पास त्याच्याच संघातल्या फुक्वाकडे गेला, ओकलंडचा टेटम फुक्वावर आदळला, चेंडू उलटा उडाला आणि पिट्सबर्गचाच फ्रँको हॅरिस तो झेलून पळत सुटला. तेव्हाच्या नियमाने चेंडू फक्त फुक्वाला लागला असता तर हॅरिसचा झेल बाद. टचडाउनचा इशारा केला बर्कनी. पंच घोळक्यात जमले तेव्हा दोघांनी सांगितलं की चेंडू टेटमलाही लागला: बर्क आणि पॅट हार्डर. बाकी तिघे म्हणाले, आम्हाला नीट दिसलं नाही. हे हार्डर म्हणजे शिकागो कार्डिनल्सचे फुलबॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू), १९४७ ते १९४९ सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक गुण त्यांचे. म्हणजे निर्णय ज्यांच्या शब्दावर झाला ते दोघेच तर जुने खेळाडू!

फोन झाला, खरंय. पलीकडे पोलीस नव्हते, लीगचे पंचप्रमुख आर्ट मॅकनॅली होते. दोन पंचांनी काय पाहिलं ते रेफरी स्वेरिंगननी सांगितलं, मॅकनॅली म्हणाले पुढे चला. टीव्हीवरचा रिप्ले बघून निर्णय देण्याची सोय तर लीगमध्ये नंतर, १९८६ ला आली.

आणि जुनं मीठ? बर्क, हार्डर दोघेही पिट्सबर्गकडून किंवा ओकलंडकडून कधीच खेळले नाहीत. ते निवृत्त झाले तेव्हा ओकलंडचा संघ जन्मलाही नव्हता.

चेंडू खरंच टेटमला लागला का, यावर भांडा हवं तेवढं. टेटम तर सामन्यानंतर नाहीच म्हणाला.