आगासीचं पुस्तक आगासीनं लिहिलंच नाही, मग?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी तीन ओळींचं झणझणीत उत्तर लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही, ते बरं झालं. चार दिवसांनी राग ओसरल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा तुमच्या निम्म्या म्हणण्यात तथ्य आहे हे कबूल करावं लागलं. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात. खेळाडूंच्या आत्मचरित्रांवरच्या लेखात मी टेनिसपटू आंद्रे आगासीच्या 'ओपन'चं तोंड भरून कौतुक केलं होतं. शिवाय 'मैदानावर उघडा पडलेला माणूस कागदावर खोटं बोलत नाही' असं एक वाक्यही ठोकून दिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. ही पुस्तकं खेळाडू लिहीतच नाहीत, भाड्याचा लेखक लिहितो, म्हणजे मी ज्याच्यावर भाळले तो प्रामाणिकपणाही उसना. दुसरं, उत्तेजकं घेऊन जिंकलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं नाव लेखात कुठेच नाही, ते मी सोयीस्करपणे गाळलं. आणि तिसरं, ज्यांनी कधी मैदानावर घाम गाळला नाही त्यांनी खेळाच्या पुस्तकांवर प्रवचनं देऊ नयेत.

तिसरा मुद्दा आधी निकालात काढते. शाळेत शंभर मीटरच्या शर्यतीत मी शेवटून दुसरी आले होते, आणि शेवटच्या मुलीच्या बुटाची नाडी सुटली होती. याहून मोठा दाखला माझ्याकडे नाही. पण वाचण्याआधी पळून दाखवायची अट घालायची, तर खुनाच्या कथा वाचणाऱ्यांनी काय करायचं?

आता भाड्याचा लेखक. 'ओपन' जे. आर. मोरिंगर या पत्रकारानं शब्दांत उतरवलं, हे खरंच आहे. ते काही दडवलेलं नाही, आगासीनंच पुस्तकाच्या शेवटी आभार मानताना सांगितलंय. २००६ साली शेवटची अमेरिकन ओपन खेळत असताना त्यानं मोरिंगरचं आठवणींचं पुस्तक वाचलं आणि त्याला गाठलं. मुखपृष्ठावर तुझंही नाव घालू या, असं आगासीचं म्हणणं होतं. मोरिंगर नको म्हणाला. सुईण काही बाळ घेऊन घरी जात नाही, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं. मराठीत या कामाला 'शब्दांकन' असा सरळ शब्द आहे आणि त्यात आपल्याला काही काळंबेरं वाटत नाही. 'भाड्याचा लेखक' म्हटलं की लगेच वाटतं, ही गंमत आहे.

पण तुमचा खरा प्रश्न नावाचा नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं खरं कसं मानायचं, हा आहे. तर त्या पुस्तकातलं एकच दृश्य सांगते.

सात वर्षांचा आगासी घरामागच्या कोर्टवर बॉल मशीनसमोर उभा आहे. मशीनमध्ये बापानं फेरफार केलेत, चेंडू ताशी ११० मैल वेगानं येतात. बापाचा हिशेब सोपा आहे: रोज २,५०० चेंडू, म्हणजे वर्षाला जवळपास दहा लाख, आणि वर्षाला दहा लाख चेंडू मारणाऱ्या पोराला कोण हरवणार? पोराचे हात भरून आलेत, पण थांबायची सोय नाही. मग तो एक चेंडू मुद्दाम कुंपणापार घालवतो. मुद्दाम, पण रॅकेटच्या लाकडी कडेला लावून, म्हणजे फटका चुकल्याचा आवाज येतो. बाप शिव्या देतो, पण लाकडाचा आवाज त्यानंही ऐकलेला असतो. चूक झाली असं समजून तो चेंडू आणायला बाहेर जातो आणि पोराला काही मिनिटं दम खायला मिळतो.

हा आवाज कुठल्या समालोचकाला ऐकू येणार होता? तो एकट्या आगासीला ठाऊक होता. पण तो सांगण्याजोगा आहे हे त्याला स्वतःहून सुचलं असतं, असं मला वाटत नाही. समोर कुणीतरी चिवट माणूस बसावा लागतो. 'दमलास की काय करायचास?' असं विचारणारा, आणि 'काही नाही' असं उत्तर आलं की तोच प्रश्न अर्ध्या तासानं फिरवून विचारणारा. १९९० च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्याआधीचं प्रकरणही असंच. आदल्या रात्री त्याचा केसांचा टोप अंघोळीत सुटला, भावानं पिना लावून कसाबसा बसवला, आणि सामन्याआधीच्या सरावात आगासी प्रार्थना करत होता ती जिंकण्यासाठी नव्हे, टोप पडू नये म्हणून. हरलाच तो. हे ज्यानं सांगितलं त्याला सांगण्यात फायदा काय होता?

अर्थात दोघांनी मिळून केलेली वाईट पुस्तकंही पोत्यानं आहेत. एक दौरा, एक प्रकरण, धावफलक गद्यात, शेवटी कुटुंबीयांचे आभार. तिथे शब्दांकन करणारा प्रश्न विचारायला घाबरलेला असतो, एवढंच. तुमचा राग अशा पुस्तकांवर असेल तर मी तुमच्या बाजूची.

पुस्तक खरं आहे की नाही हे जोखायला मी आजवर एक कसोटी वापरत आले: सांगणाऱ्याला सांगण्याची किंमत पडली का? बेसबॉलपटू जिम बाउटनचं 'बॉल फोर' घ्या. १९६९ च्या हंगामाची रोजनिशी, हाताला लागेल त्या चिटोऱ्यावर टिपणं काढून केलेली. (तीही एकट्याची नाही, लेनर्ड शेक्टर या पत्रकारानं संपादित केलेली.) १९७० साली ती छापून आली. मिकी मँटलसारख्या दैवताचं दारू पिणं त्यात होतं, खेळाडू उत्तेजक गोळ्या खाऊन मैदानात उतरतात हेही होतं. बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी बोवी कून यांनी बाउटनला बोलावून घेतलं आणि पुस्तक काल्पनिक असल्याच्या निवेदनावर सही मागितली. त्यानं केली नाही. त्याच्या जुन्या यँकीज संघाच्या माजी खेळाडूंच्या मेळाव्याचं बोलावणं त्याला थेट १९९८ साली आलं, तेही त्याची मुलगी गेल्यानंतर मुलानं वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं तेव्हा. २८ वर्षं! एवढी किंमत मोजून कुणी थापा मारत नाही.

इथवर माझं ठीक चाललं होतं. मग तुमचा आर्मस्ट्राँग आला.

खरं सांगायचं तर मी त्याला विसरले नव्हते. टाळलं. कारण माझी कसोटी त्याच्यापाशी साफ मोडते. सॅली जेन्किन्सच्या साथीनं लिहिलेलं त्याचं 'इट्स नॉट अबाउट द बाइक' २००० साली आलं. वृषणाचा कर्करोग, फुप्फुसांत आणि मेंदूत पसरलेला. शस्त्रक्रिया, केमो, ओकाऱ्या. पुरुष खेळाडू ज्यावर एरवी चकार शब्द काढणार नाही ते सगळं त्यानं उघड मांडलं. आणि ते सगळं खरं होतं! त्या खऱ्याच्या आड सायकलिंगचं खोटं बिनबोभाट उभं राहिलं. ज्यानं एवढं सोसलं तो शरीरात विष कशाला घालून घेईल, असं आपणच त्याच्या वतीनं म्हणायला लागलो. २०१२ साली त्याची 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीची सातही विजेतेपदं गेली, २०१३ च्या जानेवारीत त्यानं उत्तेजकं घेतल्याची टीव्हीवर कबुली दिली. कॅलिफोर्नियात काही वाचकांनी फसवणुकीचा दावा लावला, तो कोर्टानं फेटाळला.

माझ्याकडून दावा लावण्याचा प्रश्न नव्हता, पण लाज वाटली. कारण त्याआधी ते पुस्तक मी आजारी मावशीला भेट दिलं होतं. कबुलीनंतर मी चाचरत तिच्याकडे विषय काढला. ती म्हणाली, 'दवाखान्याचा भाग वाचला, सायकलचा कंटाळा आला म्हणून सोडून दिला.' म्हणजे नेमका खरा तेवढा भाग वाचून ती मोकळी झाली होती.

तर एकट्याच्या कबुलीला किंमत पडली, एवढ्यानं भागत नाही, हे तुमच्यामुळे मान्य करते. आर्मस्ट्राँगचा जुना सहकारी टायलर हॅमिल्टन आणि डॅनियल कॉइल यांचं 'द सीक्रेट रेस' (२०१२) मी तुमच्या प्रतिक्रियेनंतर पुन्हा काढलं. हॅमिल्टन काही हरिश्चंद्र नव्हे. २००४ साली चाचणीत पकडला गेल्यावर कित्येक वर्षं तो 'मी नाही त्यातला' म्हणत होता, आणि अथेन्स ऑलिंपिकचं सुवर्णपदकही शेवटी गेलंच. पण कॉइलनं त्याच्या शब्दावर विसंबून न राहता इतरांशी बोलून एकेक गोष्ट पडताळली. हा कॉइल म्हणजे २००५ साली आर्मस्ट्राँगवर पुस्तक लिहून बसलेलाच लेखक. एकदा हात पोळलेला. हॉटेलच्या खोलीत रक्ताची पिशवी टांगलेली आहे, स्वतःचंच साठवलेलं रक्त फ्रिजमधून आल्यामुळे गार आहे, ते शिरेत शिरताना अंगावर काटा येतो. रक्तात तांबड्या पेशी वाढल्या की दम जास्त टिकतो, पण त्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं की तेव्हा खेळू देत नसत, म्हणून सगळी धडपड त्या आकड्याच्या जरा खाली राहण्याची. हे वाचताना हॅमिल्टनवर विश्वास ठेवावा लागत नाही, कारण शेजारी दुसरा माणूस तपासत बसलेला दिसतो.

म्हणजे ज्या दुसऱ्या माणसावर तुमचा आक्षेप आहे, तोच मला आता पहिल्यापेक्षा जास्त हवासा वाटतो. फक्त तो नुसता लेखनिक नको, उलटतपासणी घेणारा हवा. यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा. भांडायचं असेल तरी चालेल.

'कागदावर खोटं बोलत नाही' हे वाक्य लेखातून आज काढून टाकलं. त्या जागी काय घालायचं ते अजून सुचलेलं नाही, म्हणून तूर्तास तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा दुवा दिलाय.